मिरजेला न्यायचं का?

आटपाडीच्या बाजूला कुणाला ‘मिरजेला नेलंय’ एवढं कळलं की पुढचं फारसं विचारावं लागत नाही. ऐकणारा हातातलं काम थांबवतो. मग चौकशी होते ती आजाराची कमी आणि बाकीचीच जास्त. गाडी कुणाची केली, सोबत कोण गेलंय, पैसे कुणाकडनं घेतले, मागं जित्राबांचं वैरणपाणी कोण बघतंय. मिरजेच्या एका फेरीत एखाद्या घराची दोन-तीन वर्षांची शिल्लक जाऊ शकते, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मिरजेचं हे नाव उगाच झालेलं नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातली माणसं दुखणं घेऊन मिरजेच्या स्टेशनावर उतरत आली आहेत. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. गल्लोगल्ली दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं, नातेवाइकांना राहायला खोल्या, असं अख्खं शहर आजारी माणसांभोवती वाढलं. मी त्याच शहरात डॉक्टर झाले आणि त्या शहराबद्दल मला फार आदर आहे. पण शिकून मी जे काम पत्करलं, त्याचा गाभा असा की कुणाला मिरजेला पाठवायचं आणि कुणाला इथंच ठेवून घ्यायचं हे ठरवायचं. विनाकारण पाठवलं तर घर कर्जात जातं. पाठवायला हवा होता तो मागं राहिला तर माणूस जातो. हा निर्णय दिवसातून कितीतरी वेळा घ्यावा लागतो, तोही हाताशी फारशा तपासण्या नसताना. तो घेणं ही शिकायची विद्या आहे. आपल्याकडे मात्र तिला कुणी विद्याच मानत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की आज्जा आणि अण्णा वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. बागायतदाराच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरायचं. धाकटा चुलता गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, केरळात त्रिशूरला. आटपाडी-विट्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस तरी असा सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशाच्या कुठल्या ना कुठल्या गावात असतो. मी आज्जीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले.

गावात डॉक्टर एकच होते, बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची पदवी झालेले. एम-ऐंशी या दुचाकीवरून यायचे. त्यांना मी लहानपणी फार बारकाईनं बघितलंय. आल्या आल्या ते नाडी धरत नसत. आधी बाजेवर टेकायचे, चहा घ्यायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, ‘‘जेवला का? लघवीला झालं का? रात्री झोप लागली का?’’ तेवढ्या वेळात त्यांची नजर रुग्णावर असायची. मग तपासणी. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं : ‘‘आजची रात्र बघू. सकाळी आठला मी येतो. तोवर धाप लागली, नाहीतर माणूस बरळाय लागला, तर माझी वाट बघू नका, सरळ मिरज गाठा.’’ आज्जीचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता. ‘‘गुणाचा हात हाय त्येंचा,’’ म्हणायची. त्या हातामागं नेमकं काय होतं, हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागायची होती.

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक. त्याबद्दल बाकी सगळे लिहितात तसं मीही लिहू शकेन, पण त्यात वेगळं काही नाही. इंग्रजी पुस्तकं जड गेली, मग सवय झाली. सांगली आणि मिरज या दोन रुग्णालयांमधल्या फेऱ्या पाठ झाल्या. अथणी-जमखंडीकडची माणसं आली की ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोट दुखतंय, एवढं कानडीही आलं. उत्तम शिक्षक लाभले. वॉर्डात जे बघितलं, त्यातलं बरंचसं आयुष्यभर पुरेल.

पण एक गोष्ट तिसऱ्या वर्षापासून मला खुपत होती. वॉर्डात जो रुग्ण आमच्यासमोर यायचा, तो तीन ठिकाणी फिरून, कागदांची पिशवी घेऊन आलेला असायचा. दुखणं पिकलेलं असायचं. कावीळ डोळ्यांत उतरलेली, पोटात पाणी झालेलं, हृदयाच्या झडपेचा आवाज छातीला नळी लावताच ऐकू येणारा. आमच्या गावातल्या डॉक्टरांसमोर बाजेवर असायचा तो माणूस इथं कुठंच दिसत नव्हता. काल रात्रीपासून कणकण, अंग मोडून आलंय, टकुरं उठलंय, आणि पुढं याचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही, असा माणूस.

याचं उत्तर मला पुढं एका जुन्या लेखात मिळालं. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधल्या माहितीवरून एक साधा हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो १. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे नसतील. पण ते वाचताना मला आमचं गाव दिसलं. आम्ही सगळे विद्यार्थी त्या एकावर शिकत होतो. उरलेल्या २४९ जणांना कसं बघायचं, ते शिकवायला आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम जागा होती.

ते थोडंफार शिकायला मिळालं ते बंधपत्राच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात, प्राथमिक आरोग्य केंद्रावर. कागदोपत्री असं एक केंद्र ३०,००० लोकांसाठी असतं आणि त्याखालचं उपकेंद्र ५,००० लोकांसाठी. तिथल्या सिस्टर आणि आशाताईंकडून मी जे शिकले, त्याचं ऋण मोठं आहे. लेकरू खोकतंय, ताप आहे, आई घाबरलेली, आज्जी म्हणतेय मिरजेला न्या. अशा वेळी आशाताई पोराचं झबलं वर करायची, त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ द्यायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरून चालायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पोर पाजलेलं घेत नसेल, झापड येत असेल, तर थांबायचं नाही. बाकीच्यांना घरी ठेवून उद्या परत बघायचं. एक घड्याळ आणि एक मिनिट. या एका मिनिटात किती घरांचे पैसे आणि किती लेकरांचे जीव वाचलेत!

सापाचंही तसंच. दंश झालेला माणूस आला की कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची. मग नळी कलती करून बघायची. रक्त पातळच वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. मण्यारीला ही नळी कामाची नाही. तिचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. भुईवर निजलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि त्याच्या पापण्या जड झालेल्या असतात. तिथं पापण्याच बघाव्या लागतात. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते आणि ती आरोग्य केंद्रावर द्यायला सुरुवात करता येते. विंचवाचं तर याहून शिकण्यासारखं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही मुळात रक्तदाबावरची गोळी वापरून दाखवली आणि ज्या दंशानं पूर्वी कितीतरी माणसं दगावायची, त्यातून ती वाचू लागली. मोठं संशोधन मोठ्या इमारतीतच होतं, असं कुणी म्हणालं की मी त्यांचं नाव घेते.

वर्ष संपत आलं तसा एकच प्रश्न चहूबाजूंनी सुरू झाला : पुढं काय? बालरोग की स्त्रीरोग? रेडिओलॉजी मिळतंय का बघ, रात्रीचं उठावं लागत नाही. मी म्हणाले, फॅमिली मेडिसिन करणार, म्हणजे अख्ख्या घराला बघणारी डॉक्टर होणार. त्याची तीन वर्षांची डीएनबी ही पदव्युत्तर पदवी असते. मामा गप्प बसले, मग हळूच म्हणाले, ‘‘एवढं शिकून पुन्हा साधीच डॉक्टर हुणार व्हय?’’ त्यांचा दोष नाही. आपल्याकडे ज्याला पुढं जागा मिळाली नाही तो ‘फक्त एमबीबीएस’ राहतो आणि गावात दवाखाना टाकतो, अशीच समजूत आहे. ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे आणि तिथं ती जास्त घातक आहे. ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे घरचा डॉक्टर, व्हायला पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि माणसाचं नाव एका जीपीच्या दवाखान्यात नोंदवलेलं असतं. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानं खेड्यापर्यंत पोचणारा, समाज ओळखणारा मूलभूत डॉक्टर घडवायला सांगितलं होतं. आपण स्पेशालिस्ट घडवत राहिलो आणि त्या डॉक्टरला उरलेल्यांच्या रांगेत उभं केलं.

डीएनबीत सगळे विभाग फिरावे लागतात. मेडिसिन, शस्त्रक्रिया, बाळंतपण, लहान मुलं, हाडं, त्वचा, मनाचे आजार. पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते या विभागांच्या मधलं शिक्षण : निदान अजून झालेलं नसताना काय करायचं. घातक काय असू शकतं ते आधी मनात आणायचं, ते नाही याची शक्य तेवढी खात्री करायची, मग थांबून बघायचं. आणि घरच्यांना नेमकं सांगायचं की काय झालं तर थांबू नका आणि कुठं जा. याला ‘सेफ्टी नेटिंग’ म्हणतात. हे शिकवत होते तेव्हा मला एम-ऐंशी दिसली. ‘आजची रात्र बघू, धाप लागली तर सरळ मिरज गाठा.’ आमच्या डॉक्टरांना कुणी हे शिकवलं नव्हतं, त्यांनी ते वर्षानुवर्षं माणसं बघून कमावलं होतं. आज्जी ज्याला हाताचा गुण म्हणायची, ते हे होतं. आणि ते नव्या पोरांना तीन वर्षांत शिकवता येतं, ही मला केवढी आनंदाची गोष्ट वाटली!

आता माझा दवाखाना आटपाडी तालुक्यातच आहे. पुढं सांगते त्या रुग्णांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

एक मेंढका आला. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. रात्री घामानं अंगरखा भिजायचा, कंबर आणि गुडघे दुखायचे. टायफॉइड म्हणून दोन-तीनदा औषधं झाली होती. आता मोठ्या रुग्णालयात दाखल व्हा, सगळ्या तपासण्या करू, असं त्याला सांगितलेलं. मी त्याला विचारलं, ‘‘औंदा मेंढ्या गाभडल्या का?’’ तो चमकला. ‘‘व्हय की. चार-पाच गाभडल्या. तुमास्नी कुणी सांगितलं?’’ गाभडलेली, म्हणजे दिवस भरायच्या आधी गर्भ पडलेली मेंढी त्यानंच उघड्या हातांनी सोडवली होती. मेंढरांतून माणसाला ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार होतो. कच्च्या दुधातून होतो आणि गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, गर्भाच्या पाण्यातूनही होतो. रक्त मिरजेच्या लॅबला गेलं, माणूस घरीच राहिला. तपासणीत तेच निघालं. दोन औषधं, सहा आठवडे, मध्ये सोडायची नाहीत. अण्णांना मी असं हात घालताना शेकडो वेळा बघितलं होतं, म्हणून तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला. गावाकडनं आलेल्या डॉक्टरला गाव ‘समजतं’ असं लोक कौतुकानं म्हणतात. मला वाटतं, समजतं म्हणजे हे. योग्य वेळी योग्य प्रश्न सुचतो.

एक आज्जी अधूनमधून पहाटे बेशुद्ध व्हायची. घाम फुटायचा, वाचा जायची, मग थोड्या वेळानं आपोआप सावरायची. फिट असेल म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता, तो नॉर्मल. लेक विचारत होता, मिरजेला न्यायचं का? तिच्या साखरेच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. मी कधी कधी झालं ते तारखेनं आठवायला सांगितलं, तर तारखा कुणालाच आठवेनात. सून म्हणाली, ‘‘एकदा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी झालं. आन् नवरात्रात तर दोनदा.’’ आज्जी निर्जळी धरायची आणि गोळी मात्र नेमानं घ्यायची, कारण डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हणून बजावलेलं. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढत राहते. उपवास सोड म्हणण्यात अर्थ नव्हता, तिनं सोडला नसता आणि मला तो सोडायला लावायचाही नव्हता. गोळी बदलली, उपवासाच्या दिवशी काय घ्यायचं आणि काय नाही ते कॅलेंडरवर सुनेकडून लिहून घेतलं. तेव्हापासून पहाट नीट जाते. दरवर्षी घट बसायच्या आधी मी माझ्या साखरेच्या सगळ्या रुग्णांना बोलावून घेते.

आणि ज्याला पाठवायचंच आहे, त्याला पाठवणं हे तर आणखी अवघड. साठीच्या आसपासचा एक गडी दुपारी चालत आला. ‘‘पित्त झालंय, एक सुई मारा.’’ छातीत जळजळ, कपाळावर घाम. ईसीजी काढला, हृदयाचा झटका स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरिन चावायला दिली, बाकीची औषधं दिली, सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांना ईसीजीचा फोटो पाठवला, ते म्हणाले लगेच पाठवा. १०८ ला फोन गेला. गडी उठून उभा. ‘‘म्या जात न्हाय. वाडा उघड्यावर हाय, लांडगा हिंडतोय. मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू?’’ त्याला हृदयाच्या रक्तवाहिनीचं चित्र काढून दाखवण्यात काही अर्थ नव्हता. शेजारच्या वस्तीवर त्याचा भाचा राहतो, हे मला माहीत होतं, कारण भाच्याची पोरं माझ्याकडेच येतात. त्याला फोन केला. तो म्हणाला, निघालोच. मग म्हाताऱ्याच्या हातात फोन दिला. भाच्यानं मेंढरं सांभाळायचं कबूल केलं, कुत्री कुठली नि करडू कुठलं आजारी आहे ते सगळं दोघांनी बोलून घेतलं. तोवर त्याच्या भावजयीला रेशनकार्ड घेऊन फाट्यावर थांबायला सांगितलं, म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतील. रुग्णवाहिका आली तेव्हा तो स्वतःहून चढला.

रेफरची चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात. पण भाचा, लांडगा आणि रेशनकार्ड यांची व्यवस्था लागल्याशिवाय ती चिठ्ठी खिशात घालून माणूस घरी जातो, म्हणून ती व्यवस्था लावणं हा मी वैद्यकशास्त्राचाच भाग मानते. तो गडी बरा होऊन परत वाड्यावर गेला. बिडी सुटली नाहीये अजून. त्यावर काम चालू आहे.

वेल्समधल्या ग्लिनकोरूग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होऊन गेले. जिथं वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथंच ती सर्वांत कमी मिळते, हा नियम त्यांनी १९७१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आटपाडी, जत, माण, खटाव इथं राहणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं आहे. त्यांनी दवाखान्यात येणाऱ्यांचा रक्तदाब मोजून भागवलं नाही. गावातल्या माणसांची यादी धरली आणि जे आलेच नाहीत त्यांना गाठून मोजला. दवाखान्यात न येणाऱ्या माणसाचीही जबाबदारी डॉक्टरवर आहे, असं ते मानत. हे वाचलं आणि मी घरवार वही घातली. एका पानावर एक घर. कोण कोण राहतं, कोण बाहेरगावी, कुणाचा बीपी कधी मोजला.

आता माझं मागणं एवढंच आहे की हे काम एकटीदुकटीच्या हौसेवर राहू नये. वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून कुटुंबं जोडून देण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सुरू केला आहे, तो फार चांगला आहे. त्यातल्या पोरांनी फॉर्म भरून परत न जाता त्या घरांत वर्षभराचे सण, सुगी आणि आजारपणं बघावीत. फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर जागा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांना जोडून द्याव्यात. आणि ज्या बीएएमएस डॉक्टरांनी गावं सांभाळली, त्यांना बोलावून नव्या मुलांसमोर बसवावं, ते अजून आहेत तोवर.

माझ्या वहीत सगळ्यात मोकळी पानं गलाईवाल्यांची आहेत. ॲसिडच्या धुरात वर्षानुवर्षं बंद खोलीत काम केलेली ही माणसं, चुलत्यासारखी, खोकला अंगावर काढतात. तिकडं दुकान बंद ठेवून दवाखान्यात जात नाहीत आणि इकडं येतात तेव्हा लग्नकार्यात असतात. चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला मात्र त्यातले बरेच जण येतात. यंदा त्या आठवड्यात दवाखाना संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा ठेवायचा ठरवलाय. आशाताईंनी घरं वाटून घेतली आहेत, बीपीची यंत्रं मागवली आहेत, श्वासाची ताकद बघायला पीक फ्लो मीटर आहे, थुंकीच्या तपासणीच्या डब्या आरोग्य केंद्राकडून मिळणार आहेत. चुलत्याला फोन करून सांगितलंय, येताना त्रिशूरच्या आपल्या लोकांनाही घेऊन या. पहिलं नाव त्याचंच लिहिलंय.